एकटी पायरी

जिन्यास मनुष्य मान देतो. जिना समोर आला कीं चाललेलें बोलणें क्षणभर थांबतें, हात आपोआप कठड्याकडे वळतो, निऱ्या किंवा धोतराचा सोगा सांवरला जातो आणि पाय मोजून पडूं लागतात. एकट्या पायरीच्या वांट्यास हा मान कधीं येत नाहीं. दोन खोल्यांच्या मध्यें, चारपांच इंच उंचीची, ना कठडा ना नांव, अशी ती निमूटपणें बसलेली असते. जिन्यावरून कोणी पडला तर ती हकीकत घरांत वर्षानुवर्षें सांगितली जाते. एकट्या पायरीस अडखळलेला मनुष्य मात्र ओशाळा होऊन हसतो, एकवार मागें वळून पाहतो आणि "कांहीं नाहीं, जरा पाय अडकला," असें म्हणून विषय मिटवतो. पडणाऱ्याच्या या लाजेमुळें पायरीचे अपराध कोठेंच नोंदले जात नाहींत. जिन्यांवर विद्वानांनीं ग्रंथ लिहिले आहेत. पायरीवर एखादा निबंधही आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही पायरी घरांत आली कोठून, हें पाहूं गेल्यास तिच्यामागें आपल्या घरबांधणीचा बराचसा इतिहास उभा राहतो. कोंकणांतल्या जुन्या घरांत अंगणांतून पडवीवर, पडवीवरून ओटीवर आणि ओटीवरून माजघरांत जातांना जमीन दर वेळीं थोडथोडी चढत जाते. तिकडच्या पावसांत ही योजना शहाणपणाची होती. पाणी बाहेर राहावें, सारवलेली जमीन कोरडी राहावी, विंचूकाट्यास थोडी आडकाठी व्हावी, आणि आलेल्या माणसानें कोठपर्यंत आंत यावें हेंही न बोलतां ठरावें, इतकीं कामें त्या दोनतीन पायऱ्या करीत असत. देशावरच्या वाड्यांत चौक खोल आणि त्याच्या भोंवतालचा सोपा उंच, म्हणून तेथेंही पायरी आली. शहरांतल्या घरांत तिच्या जन्माचें कारण निराळें असतें. मूळच्या दोन खोल्यांस मागाहून तिसरी जोडली, तिचें जोतें वेगळें पडलें, आणि दोन जोत्यांतला फरक पायरी होऊन राहिला. सदनिकांच्या इमारतींत न्हाणीघराचे नळ जमिनीखालून न्यावयाचे असतात, त्यासाठीं कोठें जमीन उचलली जाते. शेजारशेजारच्या दोन सदनिका एक केल्या तर दोहोंकडील फरशीची उंची जमत नाहीं. म्हणजे जुन्या घरांतली पायरी हेतूनें आलेली असते आणि नव्या घरांतली नाइलाजानें. माणसास पाडण्याच्या बाबतींत मात्र दोघी सारख्याच.

चारपांच इंचांच्या उंचीला एवढें सामर्थ्य कसें येतें, याचें उत्तर आपल्या चालण्यांत आहे. सपाट जमिनीवर चालतांना पुढें जाणारा अंगठा जमिनीपासून जेमतेम एकदोन सेंटिमीटर उंच असतो. शरीर हें मोठें काटकसरी आहे. जरुरीपेक्षां अधिक पाय उचलण्याचा खर्च तें करीत नाहीं. पुढची जमीन मागच्यासारखीच असणार या विश्वासावर तें चालत असतें, आणि तो विश्वास बहुतेक वेळां खराही ठरतो. जिन्यावर पहिल्या दोन पायऱ्या चढल्या कीं पायांस उंचीचा अंदाज बसतो व पुढच्या पायऱ्या न पाहतांही चढतां येतात. म्हणून जिन्याच्या शास्त्रांत साऱ्या पायऱ्या एकसारख्या असण्यावर एवढा भर असतो. फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञानें १६७५ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या ग्रंथांत असा नियम सांगितला कीं, पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे त्या वेळच्या २४ फ्रेंच इंचांइतकी, असावी. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंतही घरगुती जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षां उंच नसावी असें सांगितलें आहे. हे सारे नियम समुदायासाठीं आहेत. एकटीच्या शेजारीं दुसरी पायरी नसते; तिची उंची पायांनीं शिकावी तोंवर ती संपून गेलेली असते.

त्यांतही चढणें आणि उतरणें यांत फरक आहे. चढतांना पायरीची उभी बाजू डोळ्यांसमोर असते. ती न दिसली तरी मनुष्य पुढें, वरच्या जमिनीवर, हात टेकून पडतो. उतरतांना ती उभी बाजू दिसतच नाहीं. वरची फरशी आणि खालची फरशी एकाच दगडाची असली तर दोहोंमधली कड नजरेला पुसून गेल्यासारखी होते, आणि जमीन आहे असें समजून टाकलेलें पाऊल हवेंत पडतें. शिवाय खोलींतून खोलींत जाणाऱ्या माणसाचे हात क्वचितच मोकळे असतात. हातांत ताट असतें, कपड्यांचा ढीग असतो, कडेवर मूल असतें. पाय कोठें पडतो हें त्यास दिसत नाहीं आणि आधारास हातही उरत नाहीं.

"पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा" ही म्हण रस्त्यांतल्या दगडाविषयीं खरी असेल. घरांतल्या पायरीविषयीं ती लागू पडत नाहीं. घरच्या माणसांना पायरी कधीं लागतच नाहीं. त्यांच्या मुलांना ती रांगतांनाच पाठ झालेली असते, आणि पुढें तीं अंधारांतही तिच्यावरून धांवत जातात. ठेंच लागते ती पाहुण्यांस. आणि पाहुणा नेहमींच पुढचा असतो, तो गेला कीं त्याचें शहाणपणही त्याच्याबरोबर जातें. यजमान आपल्या परीनें "सांभाळा हं, पायरी आहे," असें म्हणतो. पण हें वाक्य अर्ध्या क्षणानें उशिरां येण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. घरच्यांस पायरी बाधत नाहीं म्हणून ती सुधारण्याची कोणास निकड वाटत नाहीं, आणि ज्यांस बाधते त्यांना दुसऱ्याच्या घराविषयीं बोलण्याचा अधिकार नसतो. अशा रीतीनें ती पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहते. ज्या घरांत ती असते तीं माणसें तितकीं सुरक्षित राहत नाहींत. कारण वय वाढलें म्हणजे मनुष्य आपल्याच घरांत पाहुणा होऊं लागतो.

हें वाक्य अलंकारिक वाटेल, पण डोळ्याचें शास्त्र त्याला साक्ष देतें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच उजेड पोंचतो. बाहुली आंखडलेली असते आणि भिंग पिवळट होत गेलेलें असतें. जो दिवा सुनेला पुरेसा वाटतो तो सासूला पुरत नाहीं, यांत कोणाचाच हट्ट नसतो. उन्हांतून आंत आलेल्या डोळ्यांस अंधाराची पुरती संवय व्हावयास अर्धा तासपर्यंत लागतो, आणि उतारवयांत त्याहूनही अधिक. चैत्रवैशाखांतल्या दुपारीं अंगणांतून माजघरांत पाऊल टाकणारा वृद्ध मनुष्य पहिले कांहीं क्षण जवळजवळ आंधळाच असतो.

त्यांत चष्म्याची भर पडते. दूरचें व जवळचें एकाच चष्म्यांतून पाहण्याची युक्ति अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननें १७८५ सालच्या एका पत्रांत वर्णिली आहे, आणि वाचणाऱ्या माणसावर तिचे उपकार मोठे आहेत. पण या चष्म्याचा खालचा भाग पुस्तकासाठीं असतो, आणि चालतांना मनुष्य जमीन पाहतो ती नेमकी त्याच भागांतून. हातभर अंतरावरचें अक्षर स्पष्ट करणारें तें भिंग पायाजवळची कड पुसट करतें. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००२ सालीं असें दाखवून दिलें कीं, असा चष्मा वापरणाऱ्या वृद्धांस कडा आणि खोली कमी नीट कळते व त्यांचें पडण्याचें प्रमाणही अधिक असतें. आयुष्यभर वाचनांत घालविलेल्या माणसास हें ऐकून खेद होईल. पण पायरी उतरतांना मान थोडी अधिक वांकवून वरच्या भिंगांतून पाहण्याची संवय त्यानें लावून घ्यावी हें बरें.

आपल्या पूर्वजांना ही अडचण अगदींच कळली नव्हती असें म्हणवत नाहीं. ज्या ठिकाणीं पातळी बदलते तें ठिकाण त्यांनीं डोळ्यांत भरेल असें करून ठेविलें. उंबरठ्यास गेरू लावावयाचा, त्यावर पांढऱ्या रांगोळीची रेघ ओढावयाची, हळदकुंकू वाहावयाचें. नव्या सुनेनें तेथें थांबून माप ओलांडावयाचें. यामागचा हेतु धार्मिक होता हें खरें. परंतु तांबड्यागर्द पार्श्वभूमीवर पांढरी शुभ्र रेघ याहून ठळक खूण आजच्या एखाद्या सुरक्षातज्ज्ञासही सुचणार नाहीं. पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या महाद्वारांतली नामदेवांची पायरी पाहा. लाखों माणसें आषाढी-कार्तिकीस दाटीवाटीनें तेथून जातात, आणि तीवर पाय पडूं नये म्हणून प्रत्येक जण खालीं पाहून ती ओलांडतो. भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून पायरी होऊं इच्छिणाऱ्या संताची ती पायरी साऱ्या महाराष्ट्रांत सर्वांत जपून ओलांडली जाते. तिच्याच समोर चोखामेळ्याची समाधि आहे. त्यांना ती पायरी ओलांडून आंत जाण्याची मुभाच नव्हती, आणि त्यांच्या बांधवांस ती मिळावयास साने गुरुजींचें १९४७ सालचें उपोषण व्हावें लागलें. पायरी माणसांना आंत घेते तशी बाहेरही ठेवते, हें आपल्या इतिहासास चांगलें ठाऊक आहे.

उंबरठ्याची सर्वांत भयंकर गोष्ट नृसिंहाची. ना घरांत ना बाहेर, ना दिवसा ना रात्रीं, अशा जागीं आणि अशा वेळीं हिरण्यकशिपूचा अंत झाला. पुराणकारानें स्थळ आणि काळ यांची ही जोडी कथेच्या सोयीसाठीं निवडली असेल. पण तिन्हीसांजेचा उंबरठा हा घरांतला सर्वांत धोक्याचा प्रदेश होय, याला आजचें शास्त्रही मान्यता देईल. दिवस मावळला असतो, दिवा लावावा इतका अंधार झाला नाहीं असें वाटत असतें, आणि त्या संधींत डोळा आपली पद्धत बदलीत असतो. बोहेमियाच्या यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञानें १८१९ च्या सुमारास एक चमत्कार टिपला. भर उन्हांत जीं तांबडीं फुलें झळाळत होतीं तींच मंद उजेडांत काळवंडलेलीं दिसतात, आणि निळी-हिरवी छटा त्या मानानें उजळ राहते. यावरून पुढची गोष्ट ओघानेंच येते. पायरी तांबडी रंगविली तर दुपारीं ती डोळ्यांत भरेल आणि संध्याकाळीं, जेव्हां तिची गरज खरी, तेव्हां ती काळी होऊन जमिनींत मिसळून जाईल. गेरू एकटा पुरत नाहीं. त्याच्यावरची पांढरी रेघच सांजवेळीं पहारा करते.

हा विषय आमच्या डोक्यांत शिरला तो पुस्तकांवाटे शिरला नाहीं. आमच्या आत्याबाई आमच्याच घरीं असतात. त्यांचें वय आज त्र्याऐंशी. आमचें माजघर वर आणि स्वयंपाकघर पांच इंच खालीं. दोहोंकडे तीच करडी शहाबादी फरशी. या पायरीवरून आत्याबाई साठ वर्षें दिवसांतून शंभरदां गेल्या असतील. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत, दिवेलागणीच्या वेळीं, देवापुढें लावावयाचें निरांजन हातांत घेऊन त्या स्वयंपाकघरांत उतरत होत्या, आणि पायरी त्यांना दिसली नाहीं. मनगटाचें हाड मोडलें. डॉक्टरांनीं प्लास्टर घातलें आणि सहा आठवड्यांनीं काढलें. हात बरा झाला. बरे झाले नाहींत ते पाय, ज्यांना कांहींच झालें नव्हतें.

त्या स्वयंपाकघरांत उतरेनाशा झाल्या. प्रथम म्हणाल्या, हात अजून दुखतो. मग म्हणाल्या, आतां तुमचें तुम्ही करतां तें बरेंच चाललें आहे. चहा खोलींत येऊं लागला, मग जेवणाचें ताटही. ज्या स्वयंपाकघराच्या दारीं उभें राहून त्यांनीं तीन पिढ्यांच्या भाज्यांत मीठ किती घालावें हें सांगितलें तें त्यांना परगांवासारखें झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत दरसाल सुमारें ६,८४,००० माणसें पडून मृत्यु पावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रम लागतो, आणि त्यांत साठीच्या पुढचीं माणसें सर्वांत अधिक. या आंकड्यांत आमच्या आत्याबाई नाहींत, ही देवाची कृपा. पण पडल्यावरही जें वांचतें त्याची काय अवस्था होते, हें कोणताही आंकडा सांगत नाहीं. एकदां पडलेलें माणूस पुन्हां पडण्याच्या भीतीनें चालणें कमी करतें. चालणें कमी झालें कीं पायांतली शक्ति जाते. आणि शक्ति गेली कीं भीति खरी ठरते. घर तेवढेंच राहतें, पण त्या माणसापुरतें तें दिवसेंदिवस लहान होत जातें. घराची एक खोली होते आणि खोलीची एक खाट.

पायरीच काढून टाकावी हा विचार अर्थातच पहिला. गवंड्यास बोलावून आम्हीं चर्चा केली. सुरक्षित उतारास एका इंचाच्या उंचीस बारा इंचांची लांबी लागते, असा नियम आहे. आमच्या पांच इंचांस पांच फूट लांब उतार हवा. तो चुलीच्या ओट्याशींच जाऊन थांबला असता, आणि स्वयंपाक करणाऱ्यानें उतारावर उभें राहून पोळ्या लाटाव्या लागल्या असत्या. स्वयंपाकघराची सारी जमीन पांच इंच उचलावी, तर ओटा गुडघ्याकडे येणार, आणि परसांतल्या दारास नवी पायरी करावी लागणार. पायरी नाहींशी झाली नसती. फक्त मागल्या दारीं राहावयास गेली असती. मधल्यामध्यें आणखी एक अर्धी पायरी करावी असेंही गवंड्यानें सुचविलें; पण अडीच अडीच इंचांच्या दोन पायऱ्या एका पांच इंचांच्या पायरीपेक्षां अधिक अदृश्य. तेव्हां पायरी राहणार हें ठरलें. ती दिसली पाहिजे, एवढेंच आपल्या हातीं उरलें.

दिसण्याचे कांहीं नियम आम्हांस या निमित्तानें समजले. खूण कडेवरच हवी. पायरीची आडवी बाजू कडेपासून दोन इंच आणि तिच्या खालची उभी बाजू दोन इंच, एवढीच रंगवावी, म्हणजे वरून येणाऱ्यास आणि खालून येणाऱ्यासही तिची धार दिसते. सबंध पायरी रंगविली तर ती सतरंजी आहे असा भास होतो, आणि धार पुन्हां हरवते. रंग कोणता यापेक्षां उजळ आणि गडद यांतला फरक किती, हें महत्त्वाचें. शहाबादी फरशीवर किंवा तांबड्या कोब्यावर पांढरा रंग ठळक दिसतो. पांढऱ्या संगमरवरी फरशीवर पिवळा पट्टा, दुकानदार कितीही शिफारस करो, पिकल्या डोळ्यांस दिसत नाहीं, तेथें काळा किंवा गर्द तपकिरी हवा. याची एक सोपी परीक्षा आहे. मोबाईलवर पायरीचें छायाचित्र घ्यावें आणि तें काळें-पांढरें करून पाहावें. त्यांत धार उठून दिसली तर ती वृद्धांच्या डोळ्यांसही दिसेल. गवंड्याच्या मनांत गुळगुळीत काळ्या ग्रॅनाइटची चकचकीत पट्टी बसवावयाची होती. "शोभा येईल, साहेब," असें तो म्हणाला. शोभा आली असती. पण स्वयंपाकघराच्या ओल्या पायांस ती बर्फासारखी झाली असती, आणि चकाकीमुळें दिव्याचें प्रतिबिंब पडून धार दिसली नसती तें निराळेंच.

उजेडाविषयींही असेंच. छताच्या मध्यावरचा मोठा दिवा माणसाची सांवली नेमकी पायरीवर पाडतो. त्यापेक्षां दाराच्या चौकटीशेजारीं, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसविलेला मंद दिवा तिरपा उजेड टाकतो व धार उठवून दाखवतो. मोठ्या दिव्याचें बटण दोन्ही खोल्यांतून चालेल असें असावें. एकाच बाजूस असल्यास बटणाकडे जाण्यासाठींच अंधारांत पायरी ओलांडावी लागते, हा विनोद पुष्कळ घरांत रोज घडत असतो. चौकटीला धरावयास एक उभा दांडा ठोकावा. आणि पायरीच्या तोंडाशीं ठेवलेलें पायपुसणें तेथून उचलावें. तें घसरतें, आणि जी धार दाखवावयाची तीच झांकून ठेवतें.

हें सारें कळलें, सामान आलें, पण काम होईना. आत्याबाईंनीं हरकत घेतली. "अरे, मी आंधळी झालें असें साऱ्या गांवाला सांगायचं आहे का तुला?" त्या म्हणाल्या. "आल्यागेल्यानं तो पट्टा पाहायचा आणि म्हणायचं, म्हातारी पडते वाटतं." या बोलण्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, कारण त्यांत खोटें कांहीं नव्हतें. वृद्धांसाठीं म्हणून केलेली प्रत्येक सोय त्यांना त्यांच्या वार्धक्याची पाटी वाटते. काठी घेतां येत असूनही न घेणारीं आणि ऐकूं येत नसतांही यंत्र न लावणारीं माणसें प्रत्येक कुटुंबांत आहेत. त्यांस हट्टी म्हणणें सोपें आहे. मनुष्यास पडण्याइतकीच दयेचीही भीति वाटते, आणि कांहीं माणसांस दयेची अधिक वाटते. पट्टा मारणें हें दोन रुपयांच्या रंगाचें काम नसून त्यांत एका बाईच्या मानाचा प्रश्न आहे हें आम्हांस कळलें, आणि रंगाचा डबा फळीवर गेला.

तो खालीं काढला आत्याबाईंनींच. गेल्या दिवाळीच्या आधीं आमची एक भाचेसून आपल्या सात महिन्यांच्या मुलास कडेवर घेऊन आली होती. ती पंचवीस वर्षांची, डोळे घारीसारखे. बोलत बोलत ती माजघरांतून स्वयंपाकघराकडे वळली, तिचें पाऊल हवेंत गेलें, आणि ती चौकटीवर आदळली. चौकट हाताशीं होती म्हणून मूल वांचलें. त्याला तर तो एक खेळच वाटला. आत्याबाई खोलीच्या दारांतून हें पाहत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं म्हणाल्या, "तो तुझा माणूस बोलाव. आणि पिवळा नको, पांढरा कर. रांगोळीसारखा." त्या दिवसापासून तो पट्टा त्यांच्यासाठीं राहिला नाहीं. तो लेकुरवाळ्यांसाठीं झाला, पाहुण्यांसाठीं झाला, आणि या घरांत येणाऱ्याजाणाऱ्याची काळजी वाहणारी जी वडील बाई तिच्या हुकुमानें झाला.

या प्रसंगापासून एक गोष्ट आमच्या मनांत घर करून आहे. म्हाताऱ्यांसाठीं म्हणून जी सोय आपण करूं पाहतों ती बहुधा सर्वांचीच असते. आपण उगाच तिच्यावर त्यांचें नांव लिहितों. पंचविशीतली बाई आणि त्र्याऐंशीची बाई एकाच पायरीवरून, एकाच कारणामुळें, हातांत कांहींतरी जपण्यासारखें असतांना पडतात. तरुणीची हाडें जुळतात आणि वृद्धेचीं जुळावयास वेळ लागतो, एवढाच भेद. ज्या घरानें पायरी सर्वांना दाखविली त्या घरांत कोणाला एकट्यालाच "जपून" असें सांगावें लागत नाहीं, आणि "जपून" हा शब्द दिवसांतून दहादां ऐकावा लागणें हें म्हातारपणाच्या दुःखांतलें लहान दुःख नव्हे.

गवंड्यानें पांढऱ्या रंगांत बारीक चाळलेली वाळू मिसळली, म्हणजे पट्टा खरखरीत व्हावा. चौकटीला शिसवी दांडा आला. तो तेथें पूर्वींपासून असावा असा दिसतो. खालचा दिवा दिवेलागणीस आपोआप लागतो. पहिले कांहीं दिवस आत्याबाई माजघरांतूनच त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत. नंतर त्या कडेपर्यंत येऊन उभ्या राहूं लागल्या आणि तेथूनच फोडणी करपल्याचें सांगूं लागल्या. कार्तिकांतल्या एका संध्याकाळीं त्यांनीं डाव्या हातानें दांडा धरला, रेघ पाहिली, आणि त्या खालीं उतरल्या. घरांत कोणी त्याचा गाजावाजा केला नाहीं. सुनेनें नेहमींसारखें त्यांच्या हातीं लसणाची टोपली दिली. साहित्यांत मोठे उंबरठे ओलांडणाऱ्यांविषयीं आम्ही वर्गांत पुष्कळ बोलत आलों आहों. पांच इंचांच्या या उंबरठ्यास त्यांच्या पंक्तीस बसविण्यास आम्हांस आतां मुळींच संकोच वाटत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरांत अशी एकटी पायरी असेल त्यांनीं एक करून पाहावें. दिवेलागणीच्या जरा आधीं, दिवे न लावतां, दोन्ही हातांत चादरींचा ढीग घेऊन एकदां सारें घर फिरून यावें, आणि पाय कोठें चांचपडतो तें ध्यानांत ठेवावें. ज्या जागीं त्यांची संवय त्यांना तारून नेईल, त्या जागीं संवय नसलेला कोणी उद्यां येणार आहे. तो पाहुणा असेल, नात असेल, किंवा वीस वर्षांनंतरचे ते स्वतःच असतील.

रंग कायमचा नसतो हेंही सांगून ठेवावयास हवें. वर्षसहा महिन्यांनीं तो पुन्हां द्यावा लागतो. आमच्या पायरीवरचा पट्टा मध्यभागीं पुसट होऊं लागला आहे. तें आमच्या किंवा सुनेच्या लक्षांत आलें नव्हतें. परवां सकाळीं आत्याबाईंनीं सांगितलें.